लिम्फोमाचे निदान : आकाराकडून वंशाकडे

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधील थॉमस हॉजकिन यांनी 1832 साली लसिका ग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या सात रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली, तेव्हा शवविच्छेदनात उघड्या डोळ्यांना जे दिसे, तेवढ्यावरच त्यांचा निष्कर्ष आधारलेला होता. पुढे ऊतींचे पातळ छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत रुळली आणि 1898 मध्ये कार्ल स्टर्नबर्ग यांनी, तर 1902 मध्ये डोरोथी रीड यांनी या आजारातील मोठ्या, बहुधा दोन केंद्रके असलेल्या पेशीचे सविस्तर वर्णन केले. मात्र स्टर्नबर्ग यांनी या विकाराला क्षयाचेच एक रूप मानले आणि रीड यांनी ते मत नाकारले. पेशी दिसली तरी तिचा अर्थ लागतोच असे नाही, हे या मतभेदातून स्पष्ट झाले.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये 1930 च्या सुमारास आणि त्यानंतर स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत, गाठीत सुई घालून पेशी शोषून घेण्याचे व त्या काचपट्टीवर पसरून तपासण्याचे तंत्र विकसित झाले. रुग्णाला ते सोयीचे होते. परंतु ग्रंथीची रचना त्यात हरवत असे, आणि लहान लिम्फोसाइट पेशी कर्करोगाच्या आहेत की साध्या संसर्गाने वाढलेल्या, हे केवळ रूपावरून सांगता येत नसे.

ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली ती केंब्रिजमध्ये 1975 साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी शोधलेल्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांनी, म्हणजे एकाच ठरावीक खुणेला चिकटणाऱ्या प्रथिनांनी. अशी प्रतिपिंडे चकाकणाऱ्या रंजकांना जोडून, पेशी एकेक करून लेसर किरणासमोरून नेण्याच्या पद्धतीला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. बी प्रकारच्या प्रत्येक लिम्फोसाइटवर कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एकच प्रथिनसाखळी असते. निरोगी ग्रंथीत दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या आढळतात, तर जवळजवळ सर्व पेशी एकाच प्रकारच्या निघाल्यास त्या एकाच मूळ पेशीची संतती असल्याचा दाट संशय येतो. फॉलिक्युलर लिम्फोमात 14 आणि 18 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल शोधणाऱ्या जनुकीय चाचण्यांनी हाच वंशशोध अधिक खोल नेला.

तरीही नव्या तंत्राने जुने तंत्र बाद झाले नाही. 1994 च्या आणि त्यानंतरच्या वर्गीकरणांनी रूप, खुणा, जनुके आणि रुग्णाची लक्षणे यांचा एकत्रित विचार आवश्यक मानला असून, पहिल्या निदानासाठी शक्य तेथे संपूर्ण ग्रंथी काढून तपासणे हेच आजही अधिक विश्वसनीय समजले जाते.