ग्रीकची सक्ती आणि राज्यशास्त्र

ऑक्सफर्डमधून इंग्लंडला पिढ्यान्‌पिढ्या राज्यकर्ते मिळत आले. परंतु तेथील पदवीच्या विद्यार्थ्याला चालू काळाचे राज्यशास्त्र हा मुख्य विषय घेण्याची सोय फार काळ नव्हती. हिंदुस्थानच्या सनदी नोकरीत जाऊ पाहणारे कित्येक तरुण प्लेटो आणि ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमधून वाचीत. अथेन्स ज्याला उमगले त्याला कलकत्ता उमगणारच, ही श्रद्धा! (कलकत्त्याचे मत कोणी विचारले नव्हते.)

पहिल्या महायुद्धानंतर ही श्रद्धा डळमळली. १९२० साली ग्रीकची सक्ती उठली, स्त्रियांना पदव्या मिळू लागल्या आणि तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा संयुक्त अभ्यासक्रम निघाला. जुन्या 'ग्रेट्स'ची ही धाकटी पाती, म्हणून तिला 'मॉडर्न ग्रेट्स' म्हणू लागले. राज्यशास्त्राला एकट्याने उभे राहू दिले नाही, हे एका परीने योग्यच झाले. तर्क आणि हिशेब यांच्यावाचून राज्यकारभाराची चर्चा वर्तमानपत्री गप्पांवर येते.

ग्रीक ही सधन घरच्या मुलांना शाळेतच लाभणारी विद्या होती. ती अट गेल्यावर दार रुंदावले. ब्रॉडस्टेअर्सच्या एका सुताराचा मुलगा १९३५ साली बॅलिऑल कॉलेजात येऊन हाच अभ्यासक्रम शिकला. त्याचे नाव एडवर्ड हीथ. १९७० साली तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला.