विस्मृत संगीतनाट्याचा उत्सव : धार आणि देवासची साक्ष

मराठी ग्रंथालयांच्या जुन्या दालनांत नाटकांच्या कपाटाचा एखादा तरी खण संगीत नाटकांच्या पुस्तकांनी भरलेला असतो. पाने पिवळी पडलेली, शिवण सैल झालेली आणि मुखपृष्ठाच्या आत ग्रंथालयाचा पुसट शिक्का. या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर राग व ताल दिलेला असतो आणि त्याजवळच ‘चाल’ असा शब्द घालून एखाद्या जुन्या चिजेचे किंवा पदाचे पहिले दोनचार शब्द छापलेले असतात. त्या काळच्या वाचकाला तेवढी खूण पुरेशी होती, कारण मूळ चाल त्याच्या कानात होती. आज ती मूळ चीज जाणणारा कोणी उरला नसेल, तर पदाचे सर्व शब्द समोर असूनही ते पद मुके राहते. संगीत नाटक हा प्रकार ग्रंथात पूर्णपणे सामावत नाही, ही गोष्ट या लहानशा खुणेवरून जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही शास्त्रचर्चेने होत नाही.

अशा मुक्या झालेल्या कृतींना पुन्हा वाचा कशी फुटते, हा प्रश्न केवळ रंगभूमीचा नाही. तो ग्रंथसंग्रह करणाऱ्या प्रत्येक संस्थेचा आहे. माळव्यातील धार आणि देवास या पवारांच्या दोन राजधान्यांकडे या दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण योग दिसून येतो. धारेने एक संगीतप्रधान नाट्यकृती दगडावर कोरून ठेवली, आणि तरीही ती अर्धी हरवली. देवासला एका गायकाने कंठातून कंठात चालत आलेल्या रचना उचलल्या, आणि त्या पुन्हा नांदत्या झाल्या.

धारेची कथा तेराव्या शतकातील आहे. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळी त्याचा राजगुरू मदन याने ‘पारिजातमंजरी’ अथवा ‘विजयश्री’ नावाची चार अंकी नाटिका रचली. मदन हा मूळचा गौड देशीच्या घराण्यातला. त्याला ‘बालसरस्वती’ असे बिरुद होते. नाटिकेचे कथानक राजाच्या विजयाशी जोडलेले आहे. गुजरातच्या जयसिंहाचा पराभव करून विजयी झालेल्या अर्जुनवर्म्याच्या छातीवर पारिजाताचा एक मोहोर पडतो आणि त्याची एक सुंदर कन्या होते. राजा तिला आपल्या कंचुकीच्या स्वाधीन करतो, आणि पुढे राणी सर्वकलेच्या मत्सरातून नाट्य रंगत जाते. पहिला अंक वसंतोत्सवाचा आहे. दुसऱ्या अंकात राणीच्या कर्णभूषणात त्या युवतीचे प्रतिबिंब राजाला दिसते. प्रस्तावनेत सूत्रधार धारानगरीच्या चौऱ्याऐंशी चौकांचा गौरवाने उल्लेख करतो आणि वसंतोत्सवानिमित्त शारदेच्या सदनात हा प्रयोग व्हावयाचा आहे असे सांगतो. पात्रांच्या मुखी संस्कृताबरोबर प्राकृतही आहे. गद्यात शौरसेनी आणि पद्यात महाराष्ट्री. आपल्या मायबोलीची पूर्वजा असलेली ती भाषा आठशे वर्षांपूर्वी धारेच्या रंगमंचावर पद्यासाठी योजली जात होती, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ही नाटिका ग्रंथरूपाने आपल्यापर्यंत आलेली नाही. ती शिळांवर कोरलेली होती. भोजशाला-कमाल मौला या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या धारेतील वास्तूत १९०३ साली त्यांपैकी एक शिळा उजेडात आली. धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांचे या शोधाशी नाव निगडित आहे. ई. हुल्ट्श या जर्मन विद्वानाने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात तिचा पाठ संपादून प्रसिद्ध केला. शिळेवर ८२ ओळी आहेत. त्यांत गद्याबरोबर ७६ पद्ये आली आहेत. परंतु तेवढ्यात नाटिकेचे पहिले दोनच अंक संपतात. उरलेले दोन अंक ज्या शिळेवर असतील ती हाती लागलेली नाही. राणीच्या मत्सराचा शेवट काय झाला आणि पारिजातमंजरीचे पुढे काय झाले, हे रसिकाला कळत नाही.

या अपूर्णतेत एक मोठा धडा आहे. दगडाहून टिकाऊ साधन त्या काळी कोणते होते? राजाश्रय होता, कुशल शिल्पी होता, विद्येचे पीठ होते. नव्हते ते एवढेच, की नाटिका वर्षानुवर्षे करणारी माणसे पुढच्या काळात राहिली नाहीत. वसंतोत्सव ज्या समाजाचा होता तो समाज आणि त्याची सत्ता पालटली. प्रयोगाची परंपरा तुटली. प्रयोग चालू राहिला असता, तर तिसरा व चौथा अंक कोणा नटाच्या तोंडी, कोणा पोथीत कदाचित उरलाही असता. जे हाती आले त्यातही पद्यांचे शब्द तेवढे आहेत. त्यांची गायनपद्धती शिळेने सांगितलेली नाही.

म्हणून विस्मृत संगीतकृतींच्या बाबतीत उत्सवाला, आणि तोही ठरल्या काळी दरवर्षी होणाऱ्या उत्सवाला, फार मोल आहे. एखादा प्रयोग कौतुकाने पाहिला जातो आणि विसरला जातो. दरवर्षीच्या उत्सवामुळे मात्र गायक तयार होतात, जुन्या संहिता शोधाव्या लागतात, साथीदारांना तालमींची सवय लागते आणि प्रेक्षकांची एक पिढी दुसऱ्या पिढीला घेऊन येते. पण उत्सव आपोआप भरत नाही. त्यासाठी कोणीतरी एक व्यक्ती पुढे व्हावी लागते.

आधुनिक मराठी रंगभूमीच्या इतिहासात अशी एक व्यक्ती म्हणजे मुंबईचे डॉ. अमृत नारायण भालेराव. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या सांगली येथील प्रयोगाला शंभर वर्षे झाली, तेव्हा मराठी रंगभूमी बोलपटाच्या आघाताने खचली होती. नाटक मंडळ्या मोडल्या होत्या आणि नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली होती. शताब्दीचा सोहळा सांगलीस झाला, आणि पुढच्या वर्षी, १९४४ साली, मुंबई मराठी साहित्य संघाने मुंबईत मोठा नाट्यमहोत्सव भरवला. त्यामागची प्रेरणा आणि कष्ट भालेरावांचे होते. संघाने पुढेही नाट्यमहोत्सवांची प्रथा चालवली आणि नव्या-जुन्या नाटकांना रंगमंच मिळाला. गिरगावातील संघाच्या नाट्यगृहाला डॉ. भालेरावांचे नाव दिलेले आहे. पुण्यात जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था काढून संगीत नाटकाचा वसा घेतला, आणि त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार यांनी २०२२ मध्ये निधन होईपर्यंत तो सांभाळला.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे घडलेली एक घटना या संदर्भात बोधप्रद आहे. युरोपातील संगीत नाटकाला ऑपेरा म्हणतात. आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरील वेक्सफर्ड या छोट्या गावी काही रसिक एकत्र जमून ऑपेराच्या ध्वनिमुद्रिका ऐकत असत. त्यांचे अग्रणी डॉ. टॉम वॉल्श, भालेरावांप्रमाणेच तेही व्यवसायाने डॉक्टर. कॉम्प्टन मॅकेन्झी हे लेखक त्या मंडळात व्याख्यानाला आले असता, मुद्रिका ऐकण्यापेक्षा स्वतःच प्रयोग का करीत नाही, असे त्यांनी सुचविले. त्यातून १९५१ साली बाल्फ या आयरिश संगीतकाराच्या ‘द रोझ ऑफ कॅस्टिल’ने उत्सवास आरंभ झाला. पुढे याच उत्सवाने एक व्रत घेतले, की जगातील मोठी नाट्यगृहे जे दाखवीत नाहीत ते दाखवायचे. वॉल्श यांनी १९६६ पर्यंत उत्सवाची धुरा वाहिली. त्यांच्यानंतर अनेक संचालक बदलले, तरी विस्मृत कृतींची निवड हाच उत्सवाचा कणा राहिला आहे. २००८ साली त्या गावाने जुन्या नाट्यगृहाच्या जागी नवे ऑपेरागृह बांधले. राजधानी नव्हे, मोठी बाजारपेठ नव्हे, अशा गावाला हे साधले याचे कारण त्याने आपले क्षेत्र नेमके ओळखले होते.

देवासही असेच छोटे गाव. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्यांचे हे संस्थान क्षेत्रफळाने लहान; पण कलेच्या बाबतीत त्याची ख्याती मोठी होती. खाँसाहेब रजब अली खाँ या गावचे. १९५९ साली ते निवर्तले. कवी भास्कर रामचंद्र तांबे यांच्या आयुष्याची जडणघडणही देवासशी निगडित होती. या गावी १९४८ साली क्षयाने पीडित असे एक तरुण गायक विश्रांतीसाठी येऊन राहिले. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली, अर्थात कुमार गंधर्व. गाण्याची सक्त मनाई असलेली काही वर्षे त्यांनी ऐकण्यात घालविली. माळव्यातील स्त्रियांची गाणी आणि नाथपंथीयांची निर्गुणी भजने कोणत्याही मैफलीत मानाने बसत नव्हती. कुमारांनी ती ऐकली, टिपून ठेवली आणि त्यांतून पुढे नवे राग उभे केले. ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग १९६५ साली प्रसिद्ध झाला.

त्यानंतर त्यांनी जे कार्यक्रम बांधले त्यांचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ हे ऋतूंचे. ‘त्रिवेणी’ कबीर, सूर आणि मीरा यांच्या पदांचे. ‘तांबे गीतरजनी’ देवासशी नाते असलेल्या कवीचे. यांत सुट्या चिजांची सरमिसळ नव्हती. एक विषय घ्यायचा, त्याचे प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध दोन्ही भाग जमवायचे, क्रम लावायचा आणि संपूर्ण संध्याकाळ त्याला द्यायची, अशी ती योजना होती. संगीत नाटकाच्या दृष्टीने त्यांतील सर्वांत मोलाचा कार्यक्रम म्हणजे १९६० च्या दशकातील ‘मला उमजलेले बालगंधर्व’.

१९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या घरोघरी पोहोचविल्या. मात्र कालांतराने या पदांकडे ‘जुन्या आठवणी’ म्हणून पाहण्याची वृत्ती वाढली. गाणारे नक्कल करीत आणि ऐकणारे हळहळत. कुमारांनी नक्कल नाकारली. ‘मला उमजलेले’ हे शब्द त्यांनी शीर्षकातच घातले. या पदात मूळ गायकाने काय पाहिले होते आणि शब्द, राग व अभिनय यांची सांगड त्याने कशी घातली होती, याचा स्वतः शोध घेऊन ते श्रोत्यांपुढे मांडणे, ही त्यांची भूमिका होती. विस्मृत कृती पुन्हा मांडणाऱ्याने कसे वागावे याचे हे उत्तम उदाहरण होय. केवळ आदराने ती कृती जिवंत होत नाही. तिला आजच्या बुद्धीने समजून घेणारा माणूस लागतो.

कुमारांचे कार्य एखाद्या संस्थेच्या वार्षिक महोत्सवाच्या चौकटीतले नव्हते, आणि त्यांनी पदे मांडली, अख्खी नाटके नव्हेत, हे खरे आहे. पूर्ण संगीत नाटकाला नट, ऑर्गन, तबला, नेपथ्य आणि महिनोन्‌महिने तालमी लागतात. एकट्या गायकाला ते पेलणारे नाही. तरीही ऋतुचक्राशी जोडलेली त्यांची योजना धारेच्या त्या जुन्या वसंतोत्सवाची आठवण करून देते. १९९२ साली कुमारांचे निधन झाले. त्यानंतर ८ एप्रिल या त्यांच्या जन्मदिनाच्या निमित्ताने देवासला संगीत समारोह होत आला आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो. जे लोक विसरले ते विसरण्याच्याच योग्यतेचे असेल. काळाने केलेली निवड उलटवण्याचा अट्टहास कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. शेकडो संगीत नाटकांपैकी पुष्कळ सामान्य होती, यात संशय नाही. परंतु नाटक विस्मृतीत जाण्याची कारणे नेहमी गुणावगुणाची नसतात. मंडळी फुटते, मुख्य नट निवर्ततो, चाल ठाऊक असलेला ऑर्गनवादक जातो, आणि चांगले नाटकही बंद पडते. ‘पारिजातमंजरी’चे उरलेले दोन अंक रसिकांनी नापसंत केल्यामुळे हरवले, असे कोण म्हणेल? निवड करायची असेल तर कृती आधी ऐकली गेली पाहिजे. उत्सवप्रमुखाचे खरे काम ते हेच. त्याने सगळेच जुने चांगले मानू नये आणि लोकप्रियतेच्या मागेही लागू नये. दहा संहिता वाचून एक निवडावी. ती का निवडली हे प्रेक्षकांना सांगावे. आणि पहिल्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी दुसऱ्या वर्षाची तारीख जाहीर करावी.

या कामात ग्रंथालयाचा वाटा मोठा आहे. संहिता ग्रंथालयाकडेच असतात. ज्या पदांवर ‘चाल’ म्हणून जुन्या चिजांची नावे आहेत, त्या चिजा ठाऊक असलेले वयोवृद्ध सभासद अजूनही गावोगावी आहेत. त्यांच्याकडून त्या म्हणवून घेऊन ध्वनिमुद्रित करणे, पुस्तकाच्या नोंदीशी ती मुद्रणे जोडणे आणि वर्षातून एक संध्याकाळ, शक्यतो वसंतात, एका विसरलेल्या नाटकातील पदांना देणे, एवढे कोणत्याही ग्रंथालयाला करता येण्याजोगे आहे. वेक्सफर्डच्या उत्सवाचा उगम मुद्रिका ऐकण्यासाठी जमलेल्या मोजक्या मंडळींत होता, हे येथे लक्षात घ्यावे.

शंभर वर्षे पुस्तके जपणे हे थोर काम आहे. धारेची शिळा सांगते की जतन करूनही अर्धे हरवू शकते, आणि देवासची परंपरा सांगते की ऐकणारा कान आणि गाणारा कंठ मिळाला तर लिहून न ठेवलेलेही उरते. ग्रंथालयाच्या कपाटात शब्द सुरक्षित आहेत. ते शब्द ज्यांच्या चालींवर उभे आहेत त्या जाणणारी माणसे हयात आहेत तोवरच दुसऱ्या शतकाच्या कार्याला आरंभ झाला पाहिजे.