साहेबाचे टेबल आणि बटलर शिवराम जानबा कांबळे

देहूरोडच्या एका बैठकीत मध्यंतरी चांगलाच वाद झाला. एका कार्यकर्त्याने सांगितले की मुलाने हॉटेल मॅनेजमेंट केले आणि तो चाकणकडच्या एका मोठ्या हॉटेलात लागला. लगेच दुसऱ्याने सुनावले, "बाबासाहेबांनी गावकी सोडायला सांगितली आणि तुम्ही पोरांना पुन्हा लोकांची ताटे उचलायला पाठवता?" तो मुलगा तिथेच मागे बसला होता. तो काही बोलला नाही.

आम्हाला हा आक्षेप अर्धाच पटतो. न पटणारा अर्धा इतिहासाचा आहे, म्हणून हा लेख.

आज पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगावच्या पट्ट्यात कारखान्यांच्या पाठोपाठ हॉटेले आली, मावळात रिसॉर्ट आले. कंपन्यांच्या पार्ट्या तिथे होतात. आता तर 'राजेशाही' भोजनाची टूम आहे. जुना वाडा किंवा गढी असेल तर भाव आणखी वाढतो. सासवडच्या वाटेवरची पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी आज हॉटेल आहे. पाहुण्याला मुदपाकखाना, पितळी ताटे, फेटेवाले वाढपी असा सगळा थाट हवा असतो. पण गढीच्या काळात त्या मुदपाकखान्याच्या भिंतीबाहेर कोण उभे होते? वेस राखणारा, सांगावा पोचवणारा, लाकडे फोडणारा, मेलेले ढोर ओढणारा महार. त्याच्या वाट्याला बलुते आणि उरलेली शिळी भाकरी, तीही वरून टाकलेली. थाटाचा इतिहास विकताना हा भाग कुणी ताटात वाढत नाही. या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. गावकामाची ही कनिष्ठ वतने कायद्याने संपायला १९५८ उजाडले.

याच सासवडला विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ५१ गावांतल्या महारांची सभा भरली होती. ती भरवणारा माणूस कोण? पुण्याच्या मेसॉनिक हॉलमधला बटलर, शिवराम जानबा कांबळे.

बटलर म्हणजे काय हे नीट समजून घेऊ. साहेबाच्या मेजवानीचे सगळे टेबल त्याच्या ताब्यात. काटे-चमचे कुठे, कोणता पेला कशाला, आधी काय, नंतर काय, सगळे तोच ठरवणार आणि हाताखालच्यांकडून करून घेणार. पुण्यात ज्याला आज 'फाइन डायनिंग' म्हणतात त्यातले हे जाणते काम अस्पृश्य मानलेला माणूस करत होता. साहेबाला त्याच्या हाताचा विटाळ झाला नाही. तेच कांबळे शहरातल्या हिंदू खाणावळीत पाटावर बसू शकले असते का? विटाळ स्वच्छतेमुळे असतो म्हणणाऱ्यांनी एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे.

त्या काळच्या सवर्ण पुण्याची गंमत पाहा. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी चहाला गेली, त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गावभर ग्रामण्य झाले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार, चौकशी, प्रायश्चित्त. समाजसुधारक रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतले! एका कप चहाला हे लोक इतके घाबरत होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, २ मार्च १८८८ रोजी, हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली तेव्हा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राणीच्या मुलासमोर रयतेची दैना मांडून आले. टेबल तेच असते. तिथे बसून माणूस काय करतो, हा प्रश्न आहे.

कांबळ्यांनी काय केले? १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले. देवाला सोडलेल्या मुरळ्यांच्या लग्नासाठी चळवळ केली. महारांची लष्करभरती बंद झाली होती, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. कोरेगावच्या स्तंभाजवळ सभा भरवल्या आणि १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेबांना तिथे आणले. चाकणहून शिक्रापूरमार्गे आपण दरवर्षी अभिवादनाला जातो, त्या वाटेवर एका बटलरचे कष्ट आहेत. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही ते पुढे होते. हे सगळे नोकरी सांभाळून!

म्हणून ताट उचलणे हे गावकीसारखेच आहे, हे आम्हाला मान्य नाही. गावकी जन्माने मिळायची आणि सोडता येत नव्हती. नोकरीला पगार असतो, राजीनामा असतो, युनियन असते. आक्षेपाचा उरलेला अर्धा मात्र आम्ही सोडत नाही. आपली पोरे फक्त वाढणार की टेबलावर बसणारही, हा हक्काचा प्रश्न आहे आणि बाबासाहेबांनी तो कायद्यात घातला. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले स्पष्ट शब्दांत आहेत. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत 'दुकान' या शब्दाबद्दल विचारणा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की नुसता आत प्रवेश एवढाच अर्थ नाही, सेवा मागण्याचा हक्कही त्यात आहे. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा तर भांड्यांपर्यंत पोचला. हॉटेलातली सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरला. गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेला वेगळा कप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही 'भांडी' तिथे का आली ते सांगावे लागत नाही.

आज वेगळा कप दिसला नाही तरी विचारायच्या गोष्टी आहेत. आडनाव ऐकून कुणाला किचनमध्ये घेतात आणि कुणाला भांडी घासायला व हाउसकीपिंगला? कंत्राटी मुलांचे जेवण कुठे आणि काय? सर्व्हिस चार्ज कुणाच्या खिशात जातो? ही माहिती मागे गप्प बसलेल्या त्या मुलाकडे आहे, आपल्यापैकी कुणाकडे नाही.

हॉटेलवाल्यांना रविवारी सुट्टी नसते. आमच्या बैठका रविवारी असतात, म्हणून ही पोरे येत नव्हती आणि आम्ही त्यांनाच नावे ठेवत होतो. पुढची बैठक मंगळवारी संध्याकाळी ठेवली आहे. विषय शिवराम जानबा कांबळे, आणि मांडणी तोच मुलगा करणार आहे.