मार्थच्या अंगातलं भूत

पूर्वरंगात श्रद्धेचा विषय झाला, आता उत्तररंगाला आख्यान हवं. समोर बसलेल्या मंडळींना मी टाळी वाजवायला लावतो. छापील पानावर, वाचक मायबापहो, तुम्हाला काय लावणार? तेव्हा नुसतं लक्ष इकडे द्या. आख्यान पुराणातलं नाही. फ्रान्स देशातलं आहे, सन १५९८-९९ मधलं. आपल्याकडे तो एकनाथ महाराजांचा अखेरचा काळ.

आधी त्या मुलखाची हवा सांगतो, पुढे उपयोगी पडेल. फ्रान्सात १५६२ पासून छत्तीस वर्षं कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते. दोघेही येशूलाच मानणारे, बरं का! राजा चौथा हेन्री प्रॉटेस्टंट म्हणून वाढलेला, नंतर कॅथलिक झालेला. त्यानं एप्रिल १५९८ मध्ये नांत गावी फर्मान काढलं की प्रॉटेस्टंटांनाही ठरावीक ठिकाणी आपली उपासना करता येईल. युद्ध थांबलं. पण पुष्कळ कॅथलिक धर्मोपदेशकांच्या पोटात ते फर्मान निखाऱ्यासारखं पडलं.

आता रोमोरांतां नावाच्या लहानशा गावात चला. तिथे ब्रोसिए नावाचा कापडवाला होता. धंदा बसलेला आणि घरात लग्नाच्या चार मुली. तिसरी मार्थ, पंचविशीच्या आसपासची. हिनं एकदा केस कापले, पुरुषी कपडे घातले आणि घर सोडून पळाली होती. का पळाली असेल, हे आयाबायांना मी समजावून सांगायला नको. पुढे तिच्या अंगात येऊ लागलं. ती पडायची, घुमायची, दोऱ्यासारखी पिळवटायची. गावातली आन नावाची एक बाई होती, तिनं चेटूक केलं असं मार्थ म्हणाली. झालं, आनला तुरुंगात टाकलं. हिचं नाव विसरू नका.

बाप मार्थला घेऊन गावोगाव फिरू लागला. लोक जमत, पैसे देत. आणि तिच्या अंगातला सैतान बोलायचा काय? तर प्रॉटेस्टंट हे सगळे माझेच! म्हणजे भूत राजकारणही जाणत होतं.

आंजे शहरात तिला बिशप शार्ल मिरों यांच्यापुढे आणलं. हा माणूस नास्तिक नव्हे हो, धर्मपीठावरचा अधिकारी. त्यानं काय केलं? जेवताना तिच्या पेल्यात मंत्रवलेलं पाणी घातलं, पण सांगितलं काहीच नाही. मार्थ ते घटाघटा प्याली. सैतान गप्प! मग साधं पाणी आणून सांगितलं, हे पवित्र तीर्थ आहे. त्याबरोबर हिला झटके. मग रेशमात गुंडाळलेली एक किल्ली पुढे केली आणि ख्रिस्ताच्या क्रुसाचा अवशेष म्हणून सांगितलं. पुन्हा झटके. शेवटी बिशपनं मोठ्यानं हाक दिली, भूत काढायच्या मंत्रांची पोथी आणा! आणि गंभीर आवाजात वाचायला घेतलं ते व्हर्जिल कवीच्या ‘इनीड’ काव्याचं पहिलं पान. त्यात युद्ध आहे, समुद्र आहे, मंत्र एकही नाही. मार्थ जमिनीवर लोळू लागली. ओर्लेआंला तर लॅटिनच्या व्याकरणाच्या पुस्तकावर भागलं. आपल्याकडे देवऋषीनं ‘रामः रामौ रामाः’ म्हणावं आणि लागीर झालेल्या बाईनं घुमू लागावं, तसलाच प्रकार.

बिशपनं तिला बापाबरोबर घरी जायला सांगितलं. पण बाप थेट पॅरिसला निघाला. सालाचा मार्च, १५९९. नांतचं फर्मान नुकतंच पॅरिसच्या न्यायपीठानं दप्तरी घेतलेलं होतं. धर्मोपदेशकांना तर हवंच होतं. प्रवचनांतून मार्थची कथा सुरू झाली, गर्दी लोटली. पॅरिसच्या बिशपनं धर्मशास्त्री आणि वैद्य यांना बोलावलं. ग्रीकमध्ये प्रश्न विचारला, लॅटिनमध्ये विचारला. सैतानाला सगळ्या भाषा येतात असा त्यांचा समज. या सैतानाला मात्र गावची फ्रेंच सोडून काही येईना.

एक एप्रिलचा प्रसंग ऐका. मार्थ तडफडत होती. मंत्र म्हणणारा साधू ओरडला, कुणाला शंका असेल त्यानं जीव धोक्यात घालून या सैतानाला आवरून दाखवावं! मिशेल मारेस्को नावाचा वैद्य उठला, शांतपणे गेला आणि तिची मान धरून तिला खाली दाबलं. सैतान हललाच नाही. मार्थ म्हणाली, तो आता निघून गेला. मारेस्को म्हणाला, मग मीच त्याला घालवलं म्हणायचं! त्याचा निकाल असा, सैतानाचं यात काही नाही, बरंचसं ढोंग आहे, थोडासा आजार आहे.

मला स्वतःला त्या ‘थोडासा आजार’ याच्यापाशी थांबावंसं वाटतं. कारण एका वैद्यानं तिच्या अंगठ्याजवळ सुई खुपसली होती, तेव्हा तिनं हूं की चूं केलं नव्हतं. तेवढं नुसत्या ढोंगानं होतं का? दुसऱ्या काही वैद्यांनी तर सैतान खराच असा दाखला दिला. खोटेपणा आणि दुखणं एकाच देहात नांदू शकतं, मायबाप. घरोघर आपण ते पाहतो.

राजानं ओळखलं, या भुताला आवरलं नाही तर पुन्हा तलवारी निघतील. मार्थला चाळीसएक दिवस कोठडीत ठेवलं आणि मे महिन्यात न्यायपीठानं हुकूम दिला. तिला गावी न्यावं, बापानं लक्ष ठेवावं, परवानगीशिवाय बाहेर नेऊ नये. उपदेशक खवळले. बेरूल नावाच्या तरुण धर्मशास्त्र्यानं, जो पुढे कार्डिनल झाला, टोपणनावानं मार्थच्या बाजूनं ग्रंथही लिहिला. एका मठाधिपतीनं तर हुकूम मोडून तिला थेट रोमला नेलं. तिथे राजाच्या माणसांनी डाव चालू दिला नाही. आणि १६१४ मध्ये रोमच्या धर्मपीठानं विधींचा जो ग्रंथ छापला त्यात पंचाक्षऱ्याला पहिलीच ताकीद आहे, की अमक्याला सैतान लागला असं चटकन मानू नये.

आता आनकडे या. पॅरिसात ही सगळी धामधूम चालली होती तेव्हा ती तुरुंगातच होती. तिथून तिनं पॅरिसच्या बिशपकडे अर्ज धाडला. मी चेटकीण नाही, हे तर त्यात होतंच. पण मार्थच्या घरची ओढाताण, बिनलग्नाच्या बहिणी, ते केस कापून पळणं हेही त्यात होतं. जिनं तिला कोठडीत घातलं त्या मुलीचं दुःख तिनं असं नीट लिहून दिलं होतं.