काळवंडलेला रेझर घासण्यापूर्वी

जुन्या बाजारात एखादा काळवंडलेला सेफ्टी रेझर हाती लागला, की पहिली ऊर्मी होते ती तो घासून लख्ख करण्याची. मित्रहो, आजचा धागा त्या ऊर्मीला थोडा वेळ थोपवण्यासाठी आहे. असा रेझर हा धातूवर उमटलेला दस्तऐवज असतो, आणि तो एका दुपारी पुसून टाकता येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८८० साली न्यूयॉर्कमधील काम्फे बंधूंनी आपल्या रेझरचे पेटंट घेतले. त्यातील जाड पात्याला वस्तऱ्याप्रमाणेच पुनःपुन्हा धार लावावी लागे. बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या कंपनीत विक्रेता असलेल्या किंग कॅम्प जिलेटला १८९५ मध्ये वेगळेच सुचले : पाते इतके पातळ आणि स्वस्त असावे, की बोथट झाल्यावर फेकूनच द्यावे. कल्पना सोपी होती, पोलाद मात्र अवघड. कागदासारख्या पातळ पत्र्याला पाणी देताना तो वाकडातिकडा होई. ती गाठ सोडवली विल्यम निकर्सन या अभियंत्याने. नावलौकिक सगळा जिलेटच्या वाट्याला आला, हे मला अन्यायाचे वाटते.

१९०३ साली बॉस्टनच्या या कंपनीचे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली गेली. पुढच्याच वर्षी रेझरची संख्या ९० हजारांवर गेली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मंजूर झाले. पुढे १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर मागवले गेले, आणि घरी स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊनच सैनिक परतले.

हे सारे रेझरवर वाचता येते. आरंभीच्या अनेक नगांवर पेटंटची तारीख आणि अनुक्रमांक कोरलेला असतो. १९५० च्या दशकातील जिलेटवर एक अक्षर व एक अंक दिसतो : अक्षर वर्षाचे, अंक तिमाहीचा. ‘ए’ म्हणजे १९५५, ‘बी’ म्हणजे १९५६. ही अक्षरे उथळ असतात. कठोर पॉलिशने सर्वांत आधी झिजतात ती हीच. म्हणून पहिले काम स्वच्छतेचे नव्हे, छायाचित्राचे : तिरप्या उजेडात प्रत्येक खुणेचे. कोणी डबीच्या झाकणावर स्वतःचे नाव खरवडलेले असेल, तर त्याचेही.

आता धातूकडे वळू. बहुतेक जुने जिलेट पितळेचे, वर चांदी, निकेल किंवा सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. आपल्याकडे पितळ म्हटले की हात चिंचेकडे किंवा घासायच्या पुडीकडे जातो. समईला ते चालते, कारण ती आतबाहेर पितळच. इथे मात्र आम्ल आणि खरखरीत पूड मुलाम्यालाच खातात, आणि गेलेला मुलामा परत येत नाही.

त्याहून धोकादायक आहे अमोनिया. याची कथा थेट हिंदुस्थानात घडली. ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जात, आणि पावसाळा सरल्यावर अनेक पितळी काडतुसांना चिरा गेलेल्या आढळत. पितळ ओढून घडवताना त्यात ताण शिल्लक राहतो. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया त्या ताणलेल्या पितळेला फोडत असे. याचा उलगडा १९२१ साली झाला. (योगायोग पाहा, जिलेटचे मूळ पेटंट संपले तेही त्याच वर्षी!) जुन्या जिलेटची मूठ अशाच पातळ पितळी नळीची असते, आणि तिला गेलेली उभी चीर संग्राहकांच्या चांगल्या परिचयाची आहे. स्क्रू अती आवळल्यानेही तसे होते. म्हणून पॉलिश घेताना त्यात अमोनिया नाही याची खात्री करा, आणि मूठ भिंगाखाली पाहिल्याशिवाय आवळू नका.

मग करायचे काय? जे काळे-पांढरे कीट दिसते, ते बहुधा गंज नसून साबण आणि जड पाण्यातील क्षार यांचा थर असतो. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ टूथब्रश एवढ्याने तो बराचसा निघतो. उकळते पाणी टाळा, कारण सोनेरी रेझरवर पारदर्शक लाखेचा थर असू शकतो आणि तो सुटून येतो. कळकलेल्या जागेचा हिरवेपणा लाकडी काडीने हलकेच खरवडावा. चांदीचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून, त्यावर रेझर टेकवून गरम पाणी व खाण्याचा सोडा घातला, तर त्यातील चांदी चांदी म्हणूनच मागे राहते. घासण्यात ती वाहून जाते. मखमली अस्तराची डबी मात्र भिजवू नका. कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे.

नव्याने मुलामा चढवावा का, यावर संग्राहकांत वाद आहे. माझे मत सांगतो : रोज वापरायचा, हजारोंनी निघालेला नग असेल तर खुशाल चढवा. पण सैनिकाचे नाव असलेला किंवा आरंभीच्या अनुक्रमांकाचा रेझर आहे तसाच ठेवावा. मुठीवर बोटांनी झिजलेली जागा हाही पुरावाच आहे.

शेवटी सर्जिकल स्पिरिटने पुसून तो पूर्ण वाळू द्या. वापरायचाच असेल, तर आज दुकानात मिळणारे साधे दुधारी पाते १९०४ च्या रेझरमध्येही नीट बसते.