पाळणाघराची पात्रता

कुर्डुवाडी हें मुंबई–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन. १८९७ सालीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअरानें येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. त्या काळीं ह्या स्थानकास बार्शी रोड असेंच म्हणत. पुढें हा अरुंद मार्ग पंढरपूर, लातूर व मिरज येथवर पोंचला, कारखाना उभा राहिला, आणि कुर्डुवाडी हें रेल्वेचें गांव झालें.

रेल्वेच्या कारभाराचा एक दंडक असतो. इंजिन चालविणाऱ्याची दृष्टि तपासली जाते, सांधेवाल्याला नियम ठाऊक असावे लागतात; परीक्षेवांचून कोणाच्याहि हातीं गाडी दिली जात नाहीं. परंतु बदलीच्या नोकरीमुळें आजी-आजोबांना अंतरलेल्या घरांतील आई-बाप दोघेंहि कामास निघालीं, म्हणजे त्यांचें मूल शेजारच्या ज्या बाईच्या हवालीं होतें, तिची परीक्षा कोण घेतो? परक्याचें मूल सांभाळण्याची पात्रता कशी ठरवावी, हा प्रश्न दीडशें वर्षांहून जुना आहे.

महाराष्ट्रांत आरंभीं प्रश्न जीव वाचविण्याचाच होता. विधवांच्या पोटीं आलेल्या अर्भकांची हत्या टळावी म्हणून १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. कुर्डुवाडीहून जवळच असलेल्या पंढरपुरांत लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या प्रयत्नानें १८७५ सालीं बालकाश्रम स्थापन झाला, आणि टाकून दिलेल्या मुलांना तेथें आसरा मिळूं लागला. ह्या कामाची कसोटी एकच होती, ती म्हणजे करुणा.

करुणेवांचून, केवळ पैशासाठीं मूल सांभाळलें गेलें तर काय होतें, हें इंग्लंडनें पाहिलें. पैसे घेऊन अर्भकें पोसण्याचा तेथें धंदाच चाले. त्या धंद्यांतील बालमृत्यूच्या प्रकरणीं १८७० सालीं मार्गारेट वॉटर्स हिला फांशी झाली. लोकक्षोभांतून १८७२ चा कायदा आला. एका वर्षाखालील एकाहून अधिक परकीं मुलें मोबदला घेऊन चोवीस तासांपेक्षां अधिक काळ ठेवणाऱ्यास नोंदणी करावी लागूं लागली. दिवसापुरतें मूल ठेवून घेणारी बाई मात्र त्या कक्षेबाहेर राहिली. तिच्यासाठीं १९४८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या कायद्यानें बाई योग्य आहे काय आणि घर योग्य आहे काय, हे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार स्थानिक सत्तेस मिळाला.

हिंदुस्थानांत कायद्यानें घराकडे न पाहतां प्रथम गिरणीकडे पाहिलें. मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या कित्येक स्त्रिया, मूल दिवसभर निजून राहावें म्हणून त्याला अफूची गोळी देत. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत लहान मुलांसाठीं खोली राखण्याचे नियम करण्याची मुभा दिली. १९४८ च्या कायद्यानें ती सोय सक्तीची केली. त्यांतील एक अट विशेष महत्त्वाची होती: खोलीची देखरेख बालसंगोपनाचें शिक्षण घेतलेल्या स्त्रियांकडे असावी. करुणेच्या जोडीला शिक्षण आलें, तें असें.

हें शिक्षण देणारीं माणसें तोंवर तयार झालीं होतीं. भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक १९२६ पासून नूतन बालशिक्षण संघाच्या आधारस्तंभ होत्या. १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्यांनीं काम उभारलें. अनुताई वाघ त्यांना तेथें येऊन मिळाल्या, आणि १९५७ सालीं तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मूल शाळेंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणांत न्यावी, हा त्यांचा विचार. अंगणवाडी हें नांव २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेनें देशभर नेलें. साध्या शिकलेल्या खेडवळ बाईलाहि मूल ओळखण्याची विद्या शिकवितां येते, हा कोसबाडचा धडा होय.

तरीहि शेजारणीचें घर मोकळेंच राहिलें. निराधार मुलांच्या संस्थांना २०१५ च्या बालन्याय कायद्यानें नोंदणी सक्तीची केली. २०१७ सालीं प्रसूति-लाभ कायद्यांत दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी पडली, आणि २०१८ सालीं केंद्र सरकारनें पाळणाघरांसाठीं किमान मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पण सूचना म्हणजे परवाना नव्हे. सकाळीं चार मुलें आपल्या घरीं ठेवून घेऊन सायंकाळीं तीं परत करणाऱ्या बाईसाठीं देशभर लागू असा स्वतंत्र परवान्याचा कायदा झालेला नाहीं. रेल्वेच्या वसाहतींत काय, पुण्या-मुंबईच्या चाळींत काय, तिची सनद म्हणजे आसपासच्या आयांचा विश्वास.

हा विश्वास तुच्छ लेखण्याजोगा नाहीं. कित्येक पिढ्या त्याच्यावरच वाढल्या. परंतु विश्वास चुकला हें अपघातानंतर कळतें, तपासणी अपघातापूर्वीं होऊं शकते. उलटपक्षीं, कागदांची रास मागणारा परवाना गरजू बाईच्या हातचें काम काढून घेईल, आणि मूल कडी लावलेल्या खोलींत एकटें राहील. म्हणून मागावें तें थोडें, पण नेमकें मागावें: विस्तव व पाणी मुलाच्या हाताबाहेर असलेलें घर, कांहीं आठवड्यांचें शिक्षण, एका बाईकडे किती मुलें ह्याची मर्यादा, आणि वर्षांतून कांहीं वेळां येऊन पाहणारी जाणती तपासनीस. गाडीच्या सांध्यावर परीक्षा दिलेला माणूस हवा, हें कुर्डुवाडीला कोणी शिकवावें लागत नाहीं. पाळण्याजवळहि तसेंच जाणतें माणूस हवें, हें मात्र अजून कायद्याला शिकावयाचें आहे.