मॅक्रो लेन्स फक्त किड्यांच्या फोटोंसाठी असते का? रोजच्या फोटोग्राफीत तिचा उपयोग काय?

इन्स्टाग्रामवर 'मॅक्रो' शोधलं की माशीचे डोळे, फुलपाखराचे पंख आणि पानावरचे दवबिंदू दिसतात. त्यामुळे ही लेन्स म्हणजे कीटकांचे फोटो काढणाऱ्यांचं काम, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात मॅक्रो लेन्सने माणसांचे, जेवणाच्या ताटाचे, अगदी दूरच्या डोंगराचेही फोटो काढता येतात. फरक एवढाच, की वस्तूच्या जवळ जाताना इतर लेन्स जिथे फोकस करणं थांबवतात, तिथून ही लेन्स आणखी पुढे जाऊ शकते. मग रोजच्या वापरासाठी ती घ्यावी का?

१:१ म्हणजे काय?

खऱ्या मॅक्रो लेन्सवर बहुतेकदा '१:१' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ, वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडते. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो आणि दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. म्हणजे १:१ वर नाण्याच्या वरच्या आणि खालच्या कडा फ्रेमबाहेर जातील, एवढं ते मोठं दिसेल.

आता हेच नाणं कॅननच्या लोकप्रिय ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्सने टिपून पाहा. ही लेन्स ३५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही आणि तिचं मॅग्निफिकेशन ०.२१ आहे. त्यामुळे नाणं फ्रेमच्या उंचीचा जेमतेम पाव भाग व्यापतं.

घरात काय काय टिपता येतं?

नथीतले मोती, पैठणीच्या पदराची वीण, मोदकाच्या कळ्या, तुळशीच्या मंजिरीवरची मधमाशी, बाळाची चिमुकली बोटं... यादी मोठी आहे. घरून दागिने किंवा हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्यांना तर याचा थेट फायदा होतो, कारण ग्राहकाला फोटोतच बारीक काम दिसतं.

कमी माहीत असलेला उपयोग म्हणजे जुने फोटो आणि कागदपत्रं जतन करणं. सपाट कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्पष्ट यावा, याकडे मॅक्रो लेन्स बनवताना खास लक्ष दिलं जातं. निकॉनने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या मायक्रो-निक्कोर लेन्समागे तर जपानी कागदपत्रांची मायक्रोफिल्म काढणं हाच हेतू होता. आजही निकॉन आपल्या मॅक्रो लेन्सला 'मायक्रो' म्हणतं. घरात ३५ मिमी फिल्मच्या निगेटिव्ह पडून असतील, तर त्यांची एक फ्रेमही ३६ बाय २४ मिलिमीटरचीच असते. त्यामुळे फुल फ्रेम कॅमेरा आणि १:१ लेन्सने ती पूर्ण आकारात कॉपी करता येते.

फोटो धूसर का येतात?

नवशिक्यांची ही सगळ्यात मोठी तक्रार असते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/८ ठेवलं, तरी फोकसमध्ये असलेला भाग सुमारे १ मिलिमीटर जाडीचा असतो. श्वास घेताना शरीर हललं तरी फोकस सुटतो. यावर काही सोपे उपाय आहेत:

- अगदी जवळून टिपताना ऑटोफोकस मागे-पुढे शोधत राहतो. अशा वेळी मॅन्युअल फोकस ठेवा आणि स्वतःच किंचित पुढे-मागे व्हा.
- नाणं, पान, कापड अशा सपाट वस्तूंना कॅमेरा समांतर धरा.
- स्थिर वस्तूसाठी ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर वापरा.
- खिडकीजवळ, बाजूने येणाऱ्या उजेडात फोटो काढा. त्यात पोत उठून दिसतो.

५० मिमी की १०० मिमी?

५० ते ६० मिमीच्या मॅक्रो लेन्स आकाराने लहान असतात. ताट, कागदपत्रं, टेबलावरच्या वस्तू यांसाठी त्या सोयीच्या. पण १:१ गाठायचं तर त्यांना वस्तूच्या फार जवळ न्यावं लागतं. मग लेन्सची सावली पडते आणि मधमाशी असेल तर उडून जाते. ९० ते १०५ मिमीच्या लेन्समध्ये जास्त अंतर मिळतं आणि त्या पोर्ट्रेटसाठीही चांगल्या. फक्त पोर्ट्रेट काढताना लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल, तर ते दूरच्या अंतरावर ठेवा. ऑटोफोकस वेगाने होईल.

फोनमधला मॅक्रो मोड पुरेसा आहे का?

ते फोनवर अवलंबून आहे. अनेक स्वस्त फोनमध्ये मॅक्रोसाठी वेगळा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. त्याचे फोटो मोठे करून पाहिले की तपशील हरवतो. काही फोनमध्ये मात्र अल्ट्रावाइड कॅमेऱ्यालाच ऑटोफोकस दिलेला असतो. २०२१ च्या आयफोन १३ प्रोमध्ये तो २ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. सोशल मीडियावर टाकण्यापुरते हे फोटो छान येतात. अडचण उजेडाची येते, कारण इतक्या जवळ फोनचीच सावली वस्तूवर पडते.

मग घ्यावी का?

महिन्यातून एखादं फूल टिपायचं असेल, तर आधी एक्स्टेन्शन ट्यूब वापरून पाहा. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी ही पोकळ नळी असते. ५० मिमी लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की मॅग्निफिकेशन सुमारे ०.५ ने वाढतं. मात्र ती लावलेली असताना दूरचं दृश्य फोकस होत नाही.

दागिने, खाद्यपदार्थ, कागदपत्रं असं काहीतरी दर आठवड्याला टिपत असाल आणि पोर्ट्रेटसाठीही लेन्स हवी असेल, तर ९० ते १०५ मिमीची एकच मॅक्रो लेन्स दोन्ही कामं करते. कमी उजेडातले घरगुती समारंभ हीच मुख्य गरज असेल, तर एफ/२.८ च्या मॅक्रोपेक्षा एफ/१.८ ची साधी लेन्स स्वस्तही पडेल आणि जास्त उपयोगीही ठरेल.